फक्त मुलीचं रक्त

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. लग्न ठरलं तेव्हा मिरजगावच्या आमच्या घरात सगळे खूश होते. पोरगी परक्याच्या दारात जाणार नाही, आत्या जीव लावेल. तिनं जीव लावलाही, माझी लेक आजारी पडेपर्यंत.

लेक आठ महिन्यांची असताना साध्या तापात बेशुद्ध झाली. पुण्याच्या दवाखान्यात कळलं की प्रथिनांचा काही भाग तिच्या शरीराला मोडता येत नाही, त्याचं आम्ल अंगात साठतं. आजार जन्माचा, आई आणि बाप दोघांकडून आलेला. माझं आणि नवऱ्याचं रक्त तपासलं, दोघांतही तीच उणीव निघाली. आम्हाला त्याचा त्रास नाही, पण आमच्या प्रत्येक मुलाला चारात एक एवढा धोका.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "तुज्या माहेरचीच खोट हाय ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो आत्या, माझं माहेर तेच तुमचं माहेर ना? ज्या आजा-आजीची मी नात, त्यांच्याच पोटी तुम्ही जन्मलात! हे मी तोंडावर बोलले. त्यावर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली.

आता लेक सहा वर्षांची आहे. दूध, डाळ मोजून द्यायची, उपाशी कधी ठेवायचं नाही आणि दिवसातून तीनदा कार्निटीनचं सिरप पाजायचं. ते आम्लाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. मेडिकलवाला पहिल्यांदा म्हणाला होता, "वहिनी, हे तर जिमची पोरं चरबी उतरवायला घेतात. एवढ्याशा पोरीला कशाला?" त्यालाही समजावलं. साधी सर्दी झाली तरी आम्ही दवाखान्याची पिशवी भरून ठेवतो, कारण आजाराशी लढताना अंगात दाह, म्हणजे आतली सूज, सुरू झाला की शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडतं, आम्ल भराभर वाढतं आणि कार्निटीन पुरं पडत नाही. ताप नसतानाही तिच्या आत थोडा दाह चालूच असतो का, कार्निटीननं तो कमी होतो का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अभ्यास चालू आहे, नक्की सांगता येत नाही." जे माहीत नाही ते त्या माहीत नाही म्हणतात. आमच्या नात्यागोत्यात एकालाही हे जमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्यानं माझ्या धाकट्या बहिणीला माझ्या दिरासाठी मागणी घातली. दोघी बहिणी एका घरात, किती छान! वडिलांनी बैठक बोलावली. मला स्वयंपाकघरात पोहे करायला बसवलं. औषधाची वेळ झाली तशी मी लेकीला घेऊन थेट बैठकीत गेले आणि सगळ्यांच्या समोर तिला सिरप पाजलं.

"आत ने तिला," आत्या दबक्या आवाजात म्हणाली.

"न्हाई नेनार," मी म्हणाले. "बघू द्या सगळ्यांना. ह्या दोघांचं रक्त आधी तपासा, मग सुपारी फोडा."

एकदम कालवा झाला. आमच्या रक्तात काय खोट हाय, म्हणे. पैल्या जोडीला झालं म्हनून दुसरीला व्हतंय व्हय, म्हणे. नवरा मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. त्याच्या स्वतःच्या लेकीचा विषय चालला होता. शेवटी माझ्या चुलत्यानं तोडगा काढला, "बरं, पोरीचं रक्त तपासू. पोराचं कशाला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दीर मोबाईल बघत होता.

आणि मी काय केलं? मीच बहिणीला पुण्याला घेऊन गेले. एकीचं तर होऊ दे, दिराचं मागाहून करून घेऊ, असं मला वाटलं. या माणसांना जन्मापासून ओळखत असूनही वाटलं. याचा राग मला आत्याच्या रागापेक्षा जास्त येतो.

बहिणीत उणीव निघाली. तिला स्वतःला काही होणार नाही, ज्याच्यात ती उणीव नाही अशा मुलाशी लग्न केलं तर तिच्या लेकरांनाही हा आजार होणार नाही. हे मी घसा फोडून सांगितलं. पण आत्यानं मागणी मागं घेतली, आणि आठवड्यात गावभर झालं की त्या पोरीच्या रक्तात रोग आहे. दोन स्थळं दारातून परत गेली. बहीण माझ्याशी नीट बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

दिराचं रक्त आजही तपासलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे. मुलगी कोण? त्याच चुलत्याची लेक, म्हणजे पुन्हा आत्याच्या सख्ख्या भावाचीच पोर.

काल मी चुलतीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुज्या बहिनीला नाकारलं म्हनून जळतीस व्हय गं?"

मी फोन ठेवला. चुलत बहीण कर्जतच्या कॉलेजात जाते. उद्या सकाळी मी लेकीला घेऊन तिथं दारात उभी राहणार आहे. आईबापाला नको असेल, तिला तरी कळू दे. तिनं माझ्या लेकीला डोळ्यांनी बघावं आणि मग नवऱ्या मुलाला एवढंच विचारावं, तू रक्त कधी देतोस?