सुंदरबाईनं लावलेलं रान

नेकनूरच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, त्यावरची निम्मी झाडं सुंदरबाईच्या हातची. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती वनखात्याच्या खड्ड्यांवर कामाला लागली. रोपं गिरिपुष्पाची, परमुलखातली. गावात त्यांना उंदीरमारी म्हणतात. या झाडाला फार पाणी लागत नाही आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. सुंदरबाईचं रोप सहसा मरायचं नाही, म्हणून दर पावसाळ्यात पहिला सांगावा तिलाच यायचा. उघडा माळ हिरवा होतोय याचं तिला लई कौतुक होतं.

वीस वर्षांत झाडी दाटली. खालचं पवन्या-कुसळीचं गवत सावलीनं मेलं. गवतात घरटी करणारे चंडोल गेले, ससे दिसेनासे झाले. हरणांचा कळप केजकडच्या शेतांत उतरला तो परतलाच नाही. ओढ्याच्या दरडीत एक लांडगीण तेवढी राहिली, आणि तिला धरायला सुंदरबाईच्या शेळ्यांखेरीज फारसं काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत लांडगिणीनं तीन शेळ्या नेल्या. चौथी भर दुपारी धरली, सुंदरबाईचा नवरा आश्रुबा दहा पावलांवर असताना. त्यानं काठी फेकली तशी लांडगीण शेळी टाकून पळाली. शेळी काही वाचली नाही.

आश्रुबानं फवारणीचं औषध काढलं. बाटली त्यानं तिच्यापुढं ठेवली.

"तूच लाव," तो म्हणाला.

"तिला पिलं असतील आता."

"मंग काय करू? सगळ्या शेळ्या जाऊ द्यू?"

सुंदरबाईनं मेलेल्या शेळीला औषध लावलं.

लांडगीण तिसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेली सापडली. सड दुधानं ताठले होते. आजूबाजूला कावळे मरून पडले होते. वनरक्षक सोमेश्वर आला, त्यानं जमलेल्यांना विचारलं, "इख कुणी घातलं?"



"मी, सायेब," सुंदरबाई म्हणाली.

आश्रुबा पुढं झाला. "मी सांगितलं म्हणून तिनं केलं. माजं नाव लिवा."

सोमेश्वरनं दोघांची नावं लिहिली. मग हळूच म्हणाला, "मावशी, गप राहिला असता तर मला काय कळलं असतं?"

"दरडीतनं आवाज येतोय. आधी ते बघा."

खोदलं तर पाच पिलं निघाली. तीन मेलेली, दोन कण्हत होती. सुंदरबाईनं जिवंत दोन्ही आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. सोमेश्वर ती घेऊन बीडला निघाला; पोचायच्या आत एक गेल्याचं त्यानं फोनवर सांगितलं. दुसऱ्याचं तो काही बोलला नाही, तिनंही विचारलं नाही.

कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. दोघं एसटीनं जात, शेजारी बसत. मे महिन्यात सुंदरबाई कोयता घेऊन दरडीजवळची उंदीरमारी तोडू लागली. गवताला ऊन मिळावं एवढंच तिच्या मनात होतं. सोमेश्वरनं पाहिलं.

"मावशी, सरकारी झाडं हायेत ती."

"लावली मीच हायेत."

तो गाडी वळवून निघून गेला.

पाऊस पडला तसे तोडलेल्या प्रत्येक बुंध्याला पाच-सहा धुमारे फुटले. महिनाभरात ते तिच्या कमरेला लागले. गवत कुठंच उगवलं नव्हतं.