सुनंदाताईंनी नाकारलेली ग्रँट

सुनंदाताईंनी मंजूर होत आलेली ग्रँट माझ्यादेखत नाकारली होती.

परवा त्या गेल्या. कॅन्सर होता. जवळच्या सगळ्यांना माहीत होतं.

इथे असं काही लिहायची मला सवय नाही. पण त्यांना ओळखणारे बरेच जण या मेलिंग लिस्टमध्ये आहेत आणि त्यातल्या काहींना गोष्ट अर्धीच माहीत आहे. म्हणून लिहितेय.

मी अमरावतीत एका छोट्या संस्थेत आहे. प्रपोजल लिहिणं, रिपोर्ट पाठवणं, फॉलोअप घेणं, हे माझं काम.

सुनंदाताई नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावातल्या. घरची शेती. वांगी, मेथी, सणाच्या दिवसांत झेंडू.

त्यांची मुलगी गौरी. सेरेब्रल पाल्सी. तेव्हा तिला आधाराशिवाय बसताही येत नव्हतं.

थेरपी फक्त अमरावतीत. गौरी मोठी होत होती, अंगानं भरत होती. तिला उचलून एसटीच्या पायऱ्या चढणं सुनंदाताईंना जमेनासं झालं होतं.

एक दिवस त्या आमच्या ऑफिसात आल्या. गौरीला सतरंजीवर निजवलं आणि उभ्या उभ्याच विचारलं,

"म्याडम, हे आमच्या नांदगावले काहून नाई होत?"

"पैसे नाहीत, ताई."

"मंग मांगू ना कोनाले तरी."

अकोल्यात एक कम्युनिटी फाउंडेशन आहे. तिथल्याच डॉक्टर-व्यापारी मंडळींनी पैसे एकत्र करून उभं केलेलं. आजूबाजूच्या छोट्या संस्थांच्या कामाला ते ग्रँट देतात. आम्ही तिथे अर्ज केला. नांदगावात मुलांसाठी थेरपी सेंटर, एवढीच मागणी.

इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. एखादी आई सोबत असू द्या, असं त्यांनी कळवलं होतं. मी सुनंदाताईंना नेलं.

ट्रस्टींमध्ये एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. अर्ज नीट वाचून आलेल्या. म्हणाल्या, "सेंटर अमरावतीतच करा ना. ओळखीच्या हॉस्पिटलमध्ये खोली मिळेल. तिथे मुलांसाठी वेगळा थेरपिस्ट नाही, तो आपण देऊ. जास्त मुलं येतील. हे मान्य असेल तर आजच मंजूर करू."

खरं सांगायचं तर प्रस्ताव वाईट नव्हता. मी "हो" म्हणायच्या बेतात होते.

"नाई," सुनंदाताई म्हणाल्या.

"अहो ताई, चांगलं हॉस्पिटल आहे ते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चांगलंच हाये. पन तिथं जानं जमत नाई म्हनूनच तं आलो न आमी तुमच्याकडे. तिथंच करा लागलं तं माही पोरगी घरीच राह्यते."

मग चहा आला. मग "कळवतो" म्हणाले.

नकार आला.

पण तो नंतर. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्या खाली उतरून चहा घेऊन आल्या.

"राग आला का तुमाले?"

"हो."

"येऊ द्या," म्हणाल्या, आणि कप माझ्या हातात दिला.

माझा राग सोपा होता. रेखाताईंचा नव्हता.

रेखाताईंचं घर नांदगावच्या स्टँडला लागून. त्यांच्या मुलालाही थेरपी हवी होती; तो लहान, कडेवर मावणारा. अमरावतीला मुलांचा थेरपिस्ट आला असता, तर तिथे नेणं त्यांना सहज जमलं असतं. आयांच्या मीटिंगमध्ये त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या,

"तुह्या पोरीपायी माह्या पोराचं वरीस गेलं."

सुनंदाताईंनी वाद घातला नाही. "हो. गेलं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर रेखाताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सुनंदाताईंनी मग दिरांच्या नांदगावातल्या खताच्या दुकानामागची खोली मागून घेतली. ती झाडली, सारवली, गाद्या टाकल्या. अमरावतीची एक नवी फिजिओथेरपिस्ट फक्त शनिवारी यायला तयार झाली.

भाजी विकायला ज्या गावांत जायच्या, तिथे त्या घराघरांत विचारत फिरल्या. लोक अशी मुलं आतल्या खोलीत ठेवतात. सुनंदाताई भाजी मोजता मोजता विचारायच्या, "तुमच्याकडे कोनी लेकरू निजूनच राह्यते का?"

काही घरांनी दारं लावून घेतली. काही शनिवारी आले. काही दिवसांनी रेखाताईही मुलाला घेऊन यायला लागल्या. दुसऱ्या कोपऱ्यात बसायच्या.

पुढच्या वर्षी आम्ही तोच अर्ज पुन्हा टाकला. यावेळी डॉक्टरबाई स्वतः आल्या. खताच्या वासात, गादीवर बसून दुपारभर बघत राहिल्या.

ग्रँट मिळाली. नांदगावसाठीच.

त्या दुपारी निघताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, "मागच्या वर्षी माझं चुकलं, असं मी म्हणणार नाही. अमरावतीत जास्त मुलं झाली असती."

सुनंदाताईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालीच असती. बराबर हाये त्यायचं."

सेंटर आता आठवडाभर चालतं. गौरी भिंतीला टेकून बसते. त्याच्यापुढे अजून काही नाही. सुनंदाताईंनी त्यापेक्षा जास्त कधी कोणाला सांगितलंही नाही.

आज आम्ही सेंटर बंद ठेवणार होतो. तसं सांगायला काल त्यांच्या मिस्टरांना फोन केला. म्हणाले, "उद्या ठेवा चालू. गौरीले म्या आनतो."

आज ते आले. सेंटरमध्ये पहिल्यांदाच. आजपर्यंत हे सगळं तिच्या आईनंच केलेलं. गौरीला व्यायामासाठी उचलायचं कसं, ते त्यांना कळेना. काखेत हात घालून ओढायला गेले, तशी ती रडायला लागली.

रेखाताई त्यांच्या कोपऱ्यातून उठल्या.

"तसं नाई, भाऊ. एक हात पाठीखाली, एक मांडीखाली. सुनंदा असंच उचले तिले."

मग स्वतः खाली बसून त्यांनी गौरीला उचलून दाखवलं.

सुनंदाताई, तुम्हाला शेवटचा नमस्कार.