कारहुणवीचं तिलिस्म

आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि आळ माझ्यावर येईल. हा गाढवपणा माझाच आहे, आणि तोही मुलगी बघायला जाताना केलेला!

निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूतली. त्या उर्दूचा मी काय उपयोग केला? तिलिस्माच्या गोष्टी वाचल्या! तिलिस्म म्हणजे जादूची दुनिया. माणूस झाडाखाली झोपतो नि जागा होतो तो थेट तिकडं. तिकडचे बैलसुद्धा बैल नसतात, मंत्र मारलेले शहजादे असतात. माझं वय एकोणीस. सगळं खरं वाटायचं.

तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नळदुर्गाच्या पलीकडून एक बैलजोडी घेतली. सौदा करता करता बैलवाल्याच्या मुलीचा विषय निघाला. मुलगी बघायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आधीच आबा पुढं गेले. जाताना मला म्हणाले, "मागनं गाडी घिऊन ये. बैलास्नी वाट ठावी हाय. तू निस्ता बस."

निस्ता बसलो असतो तर बरं झालं असतं. मी पुस्तक काढलं. ऊन चढलं, डोळा लागला.

जागा झालो तर काय! गाडी एका अंगणात उभी. हलगी वाजतेय. समोर बैलच बैल! शिंगं सोनेरी, अंगावर गुलाबी-निळे ठिपके, कपाळाला बाशिंगं. आमच्या गावचा, बेंबळीचा पोळा श्रावण सरताना, आणि हा तर ज्येष्ठ! माणसं बोलत होती त्यातलं एक अक्षर कळेना.

साधा माणूस म्हणाला असता, गाव आलं वाटतं. पण मी शिकलेला ना!

तेवढ्यात एक बाई धावत आली, माझ्या बैलांच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. झालं, माझी खात्रीच पटली. शहजाद्यांची आई! मी बैलाच्या कानाशी वाकून अदबीनं म्हणालो, "शहजादे, सब्र कीजिए." शहजाद्यानं शेपटी माझ्या तोंडावर मारली.

एका माणसानं मराठीत विचारलं, "पावनं, नाव काय तुमचं?"

तिलिस्मात नाव सांगितलं की माणूस संपला. मी म्हणालो, "नाव सांगनार न्हाय!"

"ऱ्हाऊ द्या. पानी तरी घ्या."

पाणी घेऊन एक मुलगी आली. काय देखणी होती! पुस्तकातली जादूगारीण अशीच येते, हातात तांब्या घेऊन. ती खाली बघत म्हणाली, "नीर कुडीरी."

मंत्रच की हा! मी गाडीवर चढून ओरडलो, "लांब हो, जादूगारणी! मला बैल करायचा इचार दिसतुया तुझा!"

हलगी थांबली. घरातून आबा बाहेर आले. चेहरा हसरा, आवाज लोण्यासारखा. "बाळा, खाली उतर बरं."

आबांनी मला जन्मात बाळा म्हटलं नव्हतं. मी गरजलो, "वा रे मायावी! बापाचं सोंग घेतलंस व्हय? माझा बाप इतकं ग्वाड बोलत न्हाय!"

मग त्यांनी जी कानाखाली ठेवून दिली! लगेच ओळख पटली. गाल चोळत मी पुस्तकाची सगळी हकीकत सांगून टाकली.

तिकडं कानडी बोलतात; तो मंत्र म्हणजे नुसतं 'पाणी प्या' होतं. बैलांचा सण ज्येष्ठातच करतात, कारहुणवी म्हणतात त्याला. बैल आपले आपण जुन्या घरी आले होते. रडणारी बाई मुलीची आई होती. आणि जादूगारीण कोण, ते सांगायला हवं का?

खोटं कशाला बोलू, मुलगी मनात भरली होती. आणि मीच तिला चारचौघांत हाकललं होतं! रडू यायचं तेवढं बाकी होतं. आबा मान खाली घालून गाडी जुंपायला लागले. तरी मुलीचे वडील भले माणूस, रीत म्हणून आत जाऊन तिला विचारून आले. बाहेर आले ते डोकं खाजवत.

"व्हय म्हनती," ते म्हणाले.

"व्हय?" आबांचा विश्वास बसेना. "आमच्या ह्याला?"

"म्हनती, पुस्तकात लिवलेलं जो इतकं खरं मानतुया, त्यो म्या सांगीन ते बी मानंल."

पन्नास वर्षं झाली. मानतोय.