तीन दुर्बिणी आणि एक डोळा

साठचं दशक संपत आलं होतं. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आमचा ऊस होता आणि डोंगरातून रानडुकरं उतरत. पीकरक्षणाच्या परवान्यावर वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, एक रायफल होती. ती दरवर्षी खंडेनवमीला विळा-कोयत्यांच्या शेजारी पाटावर मांडली जाई. एरवी ती कपाटात असे.

त्या वर्षी श्रावणात, तिन्हीसांजेला, आबांनी उसाच्या कडेला डुक्कर म्हणून गोळी झाडली. ते शेजारच्या म्हातारीचं रेडकू होतं. आबांनी वडगावच्या बाजारातून दुसरं रेडकू आणून तिच्या दावणीला बांधलं. गावात सांगितलं, काडतूस सर्दाळलं होतं, गोळी भरकटली. म्हातारी काही बोलली नाही. पण आमच्या बांधावरून जायचं तिनं सोडलं. विहिरीकडे जायला ती लांबची वाट धरू लागली, आणि आबा ते रोज बघत होते.

खंडेनवमीच्या आत रायफलीला दुर्बीण बसवायची आणि ताजी काडतुसं आणायची, असं त्यांनी ठरवलं. आम्ही दोघं एसटीनं शहरात, शाहूपुरीतल्या बंदुकीच्या दुकानात गेलो.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यातच बंदुकीच्या तेलाचा वास येई. तो वास मला आजही कुठल्या शिलाई मशीनजवळ अचानक भेटतो. मिस्त्री मुसलमान, आबांच्याच वयाचे. तीन पिढ्यांचा बंदूक दुरुस्तीचा धंदा. त्यांनी हिरव्या कापडावर दोन काडतुसं ठेवली. एकाच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं, दुसऱ्याचं तांब्यानं मढवलेलं.

“उसात माणसं असत्यात?”

“दसरा झाला की तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडत्यात की, तितंच ऱ्हात्यात.”

“मग मऊ नाकाचं घ्या. डुकरातच थांबतंय. ह्ये टणक डुकरातनं निघून कोपीत जाईल.” मग काडतूस बोटांत फिरवत म्हणाले, “पण आबा, नेम चुकला तर दोन्हीबी थांबत न्हाईत.”

आबांनी विषय बदलला. “घरात चोर शिरला तर कुठलं बरं?”

“घरात रायफल नगोच. गोळी कुडाच्या भिंतीतनं शेजारच्या घरात जाती. आधी ‘कोण हाय रं’ म्हणून वरडा. निम्मं चोर तिथंच पळत्यात.”

दुर्बीण विकण्याची मिस्त्रींची एक पद्धत होती. ती थेट बंदुकीवर चढवून ते कधी दाखवत नसत. मागच्या सज्जात भुशाची पिशवी होती, तिच्यावर नुसती दुर्बीण टेकवायची. त्यांच्याच घराची गच्ची समोर होती. तिच्या कठड्यावर त्यांनी सहा रिकामी काडतुसं ओळीनं मांडली, त्यांतलं एक उलटं.

“उलटं कितवं?”

आबांनी उजवा डोळा लावला. बराच वेळ गेला. “चौथं.”

“दुसरी बघा.” मिस्त्रींनी मोठ्या काचेची दुर्बीण ठेवली.

“तिसरं.”

“ही बघा.”

“मिस्त्री, दुकान हाय का शाळा?”

“शाळाच की. फक्त हितं नापास झाल्याला बंदूक मिळत न्हाय.”

तिसऱ्या दुर्बिणीतून आबा पुन्हा चौथं म्हणाले. मिस्त्री हसले नाहीत. हळूच म्हणाले, “आता डावा डोळा लावा.”

“दुसरं,” आबा लगेच म्हणाले. दुसरंच होतं.

मिस्त्रींनी दुर्बीण पिशवीवरून उचलली. खाली टांगेवाले एकमेकांवर ओरडत होते.

“तिन्ही काचा चांगल्या हायत, आबा.”

वर्षभर आबा मान वाकडी करून वर्तमानपत्र वाचत होते. मी ते रोज पाहिलं होतं आणि सवय म्हणून सोडून दिलं होतं.

दुर्बीण घेतली नाही, काडतुसंही नाहीत. दुसऱ्या दिवशी आबांनी रायफल आणि उरलेली गोळ्यांची पेटी नेऊन मिस्त्रींकडे जमा केली. परतल्यावर ते घरात आले नाहीत. थेट म्हातारीच्या गोठ्याकडे गेले. ती नव्या रेडकाला वैरण घालत होती.

“काकू, काडतूस चांगलं हुतं,” आबा म्हणाले. “माझा डोळा गेलता.”

म्हातारीनं वर न बघता पेंढी सोडली. “मला ठावं हाय की. श्रावणाच्या आधी तुमी मला माझी जाऊ समजून हाक मारलीती. ती मरून दोन वर्सं झाल्ती.”

“मग बोलली न्हाईस ते?”

“तुमच्या हातात बंदूक हुती, बाबा.”

खंडेनवमीला पाटावर रायफलीच्या जागी पत्र्याचा एक डबा आणि बाभळीचं दांडकं होतं. आबांनी दोन्हींना हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. धाकट्या चुलत्यांनी विचारलं, “ह्ये कसलं हत्यार, दादा?” आबा म्हणाले, “डुकरं पळवायचं. चुकून म्हशीला लागलं तरी चालतंय.”

मोतीबिंदू त्या थंडीत निघाला, जाड भिंगाचा चष्मा आला. रायफल मात्र शाहूपुरीतच राहिली. तिन्हीसांजेला उसातून डब्याचा आवाज येई तेव्हा म्हातारी आमच्याच बांधावरून, डोक्यावर घागर घेऊन, घरी जात असे.