जावयासाठी सॉस

आमच्याकडे सासू जावयाशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नाही, पद्धतच तशी आहे. जावई ओसरीत बसले की सासूने स्वयंपाकघरात राहायचं, डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही आणि काही विचारायचं असलं तर मालकांना मधे उभं करायचं. मला ही पद्धत सोयीची होती. मला तशीही माणसांपुढे बोलताना धाप लागते. त्यामुळे जावयांना काय आवडतं हे मी त्यांच्या ताटावरून ओळखायची. संपलं ते आवडलं, राहिलं ते नाही.

लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंडे जेवायला बोलवावं लागतं. पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तूप. जावई अंबाजोगाईचे, ऑफिसात नोकरीला. माझी थोरली जाऊ शेजारीच राहते. ती म्हणाली, "नोकरदार माणूस हाय. त्यांच्या ताटात सॉस लागतो. नुसत्या चटणीवर भागत न्हाई."

मी म्हणाले, "चौसाळ्याहून बाटली आणायला सांगते."

"बाटली कुणीबी आणतं. घरी कर. टमाटे एवढे महाग झालेत, त्याचा सॉस म्हणजे मान दिल्यासारखं व्हईल."

खरोखर त्या दिवसांत बाजारात लोक टमाटा हातात घ्यायचे, बघायचे आणि परत ठेवायचे. आम्ही घेतले. जावेने मोबाइलमध्ये बघून सांगितलं आणि मी केलं. टमाटे, कांदा, लसूण शिजवून पुरणयंत्रातून काढलं. लवंग-दालचिनीची पुरचुंडी कापडात बांधून आत सोडली. मोबाइलमध्ये साखर आणि सिरका सांगितला होता, मी गूळ आणि लिंबू घातलं. मग ते पातेलं जे रटरटायला लागलं, त्याचे शिंतोडे भिंतीवर, कॅलेंडरवर, जावेच्या कपाळावर. ताटलीत थेंब टाकायचा आणि कडेने पाणी सुटलं नाही की झालं समजायचं. पाणी सुटायचं थांबायला दुपार गेली.

जेवायच्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघत होते. जावयांनी सगळ्यांत आधी सॉस खाल्ला. धोंड्याला हात लावला नाही, भज्यांकडे बघितलं नाही. बोटाने पुसून सगळा सॉस खाल्ला आणि मग पाणी प्यायले.

जाऊ माझ्या कानात म्हणाली, "बघ."

मालक चौकटीत उभे होते. मी आतून म्हणाले, "पाव्हण्यांना विचारा, आणखी वाढू का."

मालक बाहेर तोंड करून म्हणाले, "आणखी वाढू का म्हणती."

माझ्यात आणि जावयांत पाच पावलांचं अंतर. जावयांना माझं बोलणं ऐकू आलेलंच असायचं, पण तेही मालकांचं सांगून होईपर्यंत थांबायचे.

"नको, नको. लई झालं."

मालक आत वळून म्हणाले, "लई झालं म्हणतात."

"लाजत्यात," जाऊ म्हणाली. "वाढ."

वाढला. तोही त्यांनी आधी संपवला. त्या दिवशी चार वेळा वाढला. जाताना एक बाटली बरोबर दिली.

माझ्या हातच्या कशाला कुणी असं पुसून खाल्लेलं मला आठवत नव्हतं. भाकरी बरी झाली तर कुणी बोलत नाही, करपली तरच बोलतात. मी लेकीला फोन केला की सॉसचंच बोलायची. पुढच्या खेपेला काळा मसाला घालून केला. त्याच्या पुढच्या खेपेला चिंच-खजूर घालून. दरवेळी जावई तो आधी संपवायचे आणि आम्ही परत वाढायचो. विहीणबाईंचाही फोन आला. म्हणाल्या, "या खेपेला दोन बाटल्या द्या, महालक्ष्म्या जवळ आल्यात." त्यांच्याकडे माझा सॉस महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याला जातो असं मी धरून चालले. जावेनेही गल्लीत तसंच सांगितलं.

मग एका वर्षी जावयांनी चातुर्मासात टमाटे सोडले. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा सोडतं. टमाटे सोडलेला माणूस आमच्या गावात कुणी बघितला नव्हता. मालकांनी ही बातमी आणली तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले. आपल्याला जीव की प्राण असलेली वस्तू देवासाठी सोडायची, आणि तीही या वयात.

जाऊ म्हणाली, "टमाटे सोडलेत ना? सॉस कुठं सोडला?"

ते खरं होतं. मी लाल भोपळा घेतला, रंगाला बीट, आंबटाला आंबोशी भिजवून वाटून. भोपळ्याचा सॉस घट्ट झाला, पळी उभी राहील इतका. मालकांनी वाटी पुढे नेऊन ठेवली आणि म्हणाले, "ह्यात टमाटा न्हाई. बिनधास्त खावा."

जावई वाटीकडे बराच वेळ बघत राहिले. जाऊ म्हणाली, भरून आलं असंल त्यांना.

ते बहुतेक शनिवारी संध्याकाळी यायचे. भोपळ्यानंतर त्यांनी शनिवार धरला. दिवसभर उपवास, रात्री फक्त भगर. मला वाटलं, माणूस देवाकडे फारच ओढला जातोय, लेकीचं कसं होणार. पण ते आलेच तर नुसत्या भगरीपुढे कसं बसवायचं? म्हणून मी रताळी उकडली, गूळ, जिरं, तिखट आणि सैंधव घातलं. चिंच उपवासाला चालते की नाही यावर आमचा घोटाळा झाला.

"चालती," जाऊ म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते की."

रंग चिखलासारखा आला. पण बाटलीत भरल्यावर सॉसच दिसत होता. जावयांनी तोही आधी खाल्ला, मग भगर. त्या रात्री ते झोपायला न थांबता अंबाजोगाईला परत गेले. देवाचं काहीतरी असेल असं आम्ही समजलो.

मागच्या हिवाळ्यात लेकीला दिवस गेल्याचं कळलं. ती आमची एकुलती एक. सहाव्या महिन्यात तिने फोन केला. "आई, मला तिथंच यायचंय. इथं सगळे चांगले हायत, पण मला रात्री भ्या वाटतं. तू पाहिजेस." पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहेच, दवाखानाही बीडला तासाभरावर. पण जावई नुसतं "बघू" म्हणत होते. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. सातव्या महिन्यात ओटी भरायला ते दोघं येणार, आणि त्याच दिवशी ठरणार, की लेक इथं राहते का गाडीत बसून परत जाते.

मालक म्हणाले, "जेवण झालं की मी विचारतो. पोट भरलेला माणूस न्हाई म्हणत न्हाई."

जाऊ म्हणाली, "मग सॉस तीन कर."

मी तीन केले. टमाट्याचा गुळाचा, काळ्या मसाल्याचा आणि भोपळ्याचा. तीन दिवस लागले. हाताला फोड आले. पण त्या तीन वाट्यांवर माझ्या लेकीचं राहणं आहे असं मनात धरून मी ढवळत होते. घट्ट व्हायला लागलं की वाटायचं, हो म्हणणार. पाणी सुटलं की वाटायचं, नाही.

जावई मित्राची गाडी मागून घेऊन आले. लेकीची कपड्यांची बॅग मागच्या सीटवरच होती, खाली घेतली नव्हती. ओटी भरली, बायका गेल्या, ताटं वाढली. लेक माझ्याजवळ स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. जावयांनी तीन वाट्या बघितल्या. मग एकेक करून, डाव्या बाजूने सुरुवात करून, तिन्ही संपवल्या. जावेने मालकांच्या हातात एकेक पातेलं दिलं. मालकांनी तिन्ही परत भरल्या. जावयांनी परत संपवल्या. कपाळाला घाम आला होता. पोळी तशीच होती.

मग मालकांनी विचारलं, "पोरीचं काय करायचं? ठेवता ना इथं?"

जावई खाली बघून म्हणाले, "नको मामा. आमच्याकडंच होऊ द्या."

मालक आत आले. "नको म्हणतात."

"कावून?"

"ते न्हाई विचारलं."

"विचारा."

मालक चौकटीत गेले. "ती म्हणती, कावून?"

"असंच," जावई म्हणाले. "येणं-जाणं जमायचं न्हाई."

जाऊ कुजबुजली, "भोपळ्याचा जरा पातळ झाला व्हता. मी तवाच म्हणणार व्हते." मी तिसऱ्यांदा वाढायला पातेल्यात पळी घातली. तेवढ्यात लेकीने माझं मनगट धरलं.

"आई, नको वाढू. त्यांना सॉस आवडत न्हाई."

मला ते लगेच कळलं नाही. मी म्हणाले, "सगळ्यांत आधी तोच संपवत्यात की."

"आवडत न्हाई म्हणूनच. शाळेला वसतिगृहात होते ते. ताटात काही टाकलं की मार बसायचा. तेव्हापासून नावडतं ते आधी गिळतात, मग निवांत जेवतात. ह्या घरात त्यांचं निवांत जेवणच झालं न्हाई. संपलं की तुम्ही वाढता."

जाऊ म्हणाली, "टमाटे कावून सोडले मग देवासाठी?"

"देवासाठी न्हाई सोडले."

"आन् शनिवार?"

लेक खाली बघायला लागली. "अजून धरतात. सोडला तर इथं कळंल म्हणून. वजन उतरलंय त्यांचं."

"महालक्ष्म्यांना पाठवायचे त्या बाटल्या?" मी विचारलं.

"सासूबाई त्यानं पितळंची भांडी घासतात. आरशासारखी निघतात, आई. शेजारणीबी मागून नेतात."

जावेने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग मी विचारलं, "एवढी वर्षं तू कावून बोलली न्हाईस?"

"फोनवर तू किती बोलायचीस त्याचं. लवंग किती, गूळ किती. दुसऱ्या कशाबद्दल तू एवढं बोललेलं मी ऐकलं न्हाई. त्यांनाबी सांगितलं मी तसं. ते म्हणाले, मग खातो."

"आणि आता नको कावून म्हणतात?"

"मी तीन-चार महिने इथं राहिले तर त्यांना दर आठवड्याला यावं लागंल."

मी काय ठरवलं ते मला आठवत नाही. ठरवलंच नसेल. पळी हातात तशीच होती. मी मालकांच्या बगलेतून ओसरीत गेले. मागून जाऊ म्हणाली, "अगं, पदर." मी पदर घेतला. जावई मला समोर बघून ताटावरून उठले, त्यांचा हात खरकटा होता तो त्यांनी मागे धरला. मला धाप लागली होती. मी त्यांच्या चपलांकडे बघून म्हणाले, "सॉस बंद केला."

मालक सवयीने जावयांकडे वळून म्हणाले, "सॉस बंद केला म्हणती."

"ऐकलं," जावई म्हणाले.

"आजपासून," मी म्हणाले.

"आजपासून म्हणती."

जावई माझ्याकडे न बघता म्हणाले, "तसं काही न्हाई मामी. चवीला चांगला असतो."

"खोटं बोलू नका."

हे मालकांनी पुढे सांगितलं नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, संपलं सगळं, आता लेकीला हाताला धरून नेतील. पण जावई तसेच उभे राहून म्हणाले, "भोपळ्याचा पण?"

"भोपळ्याचा पण. रताळ्याचा पण."

"आन् मी आलो तर?"

"घरात शिजंल ते. एकदा वाढीन. परत विचारणार न्हाई."

ते विचार करत होते. ऑफिसातले लोक कागदावर सही करण्याआधी करतात तसा. आतून लेकीचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हणाले, "तिला इथं भ्या वाटायचं न्हाई. एवढंच मागते."

"मला म्हणाली न्हाई ती, भ्या वाटतं म्हणून."

"मला म्हणाली."

मग ते पहिल्यांदा दाराकडे, लेक बसली होती तिकडे बघून बोलले. "बोलायचं की मग."

ती आतून म्हणाली, "तुमी तरी कुठं बोललात?"

जावई हात धुवायला मोरीकडे गेले. तिथं ते इतका वेळ थांबले की मालक बघायला उठणार होते. परत आले ते ओसरी ओलांडून सरळ बाहेर गेले, गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लेकीची बॅग होती. ओसरीत न ठेवता ते ती घेऊन स्वयंपाकघरात आले. आमच्या स्वयंपाकघरात ते कधीच आले नव्हते. त्यांना बघून जाऊ डब्यांच्या मागे सरकली.

"कुठं ठेवू, मामी?"

"भिंतीला ठेवा. जड हाय का?"

"जड हाय. हिनं सगळंच भरलंय." त्यांनी लेकीकडे बघितलं. "माझ्या आधीच ठरवलं व्हतं म्हण की."

पाटावर बसूनच लेकीने बॅगेची चेन उघडली आणि एकेक कपडा काढून माझ्या मांडीवर ठेवायला लागली.