औषधवाल्यांचं रत्तल

कॉनराड वीटहोल्टर वीस वर्षं औषधाचं दुकान चालवत होते. ते पन्नाशीला आले तेव्हा हानोव्हरच्या मुलखातल्या एलरब्रूक गावी नवं शेतकी विद्यालय निघालं, त्याचे ते प्राचार्य झाले. मातीत चुना किती, हे त्यांना अचूक सांगता येई. नांगर मात्र धरता येत नसे. शेतकरी त्यांना पाठीमागे 'पुडीवाले' म्हणत. मेंढ्यांचा धनी टोनिएस लोझे तर तोंडावर म्हणे.

१८६१च्या जूनमध्ये, लोकरकापणी झाल्यावर, मेंढ्यांत खरूज पसरली. वीटहोल्टरांनी सोमल या विषाच्या पाण्यात मेंढ्या बुचकळायचा उपाय सुचवला. लोझे दोनशे मेंढ्या घेऊन विद्यालयाच्या अंगणात आला. मागे अर्धा गाव.

"पुडीवाले, एक जरी मेली, तरी उद्या तुमच्या वर्गात पोरगं उरणार नाही. दोन तर माझीच आहेत."

औषध गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि वजनांकडे बोट दाखवायचं, ही वीटहोल्टरांची दुकानातली शिस्त. त्यांनी औषध कालवणाऱ्या विद्यालयाच्या कारभारी ब्राकेलमनला बोलावलं.

"चिठ्ठी वाचा."

"आता? औषधाचा हौद भरलाय, साहेब."

"वाचा."

"सोमल, सात रत्तल." ब्राकेलमननं कोठारातल्या लोखंडी वजनांकडे बोट केलं.

चिठ्ठी वीटहोल्टरांनी सवयीनं औषधवाल्यांच्या रत्तलात लिहिली होती. ती हलकी पितळी वजनं त्यांच्याच कपाटात कुलूपबंद होती. बाजारी रत्तल त्याहून इतकं जड, की त्याचे सात म्हणजे औषधवाल्यांचे दहा.

तेवढ्यात मागे पाणी उसळलं. लोझेनं वाट न पाहता पहिला एडका हौदात लोटला होता.

पाणी फार निवलंय, असं खोटंच सांगून काम थांबवता आलं असतं. पण एडक्याला धुवायला हवं होतं, आणि आत्ताच.

"काढा त्याला बाहेर. औषध जहाल झालंय. चूक माझी, ब्राकेलमनची नाही."

लोझेनं एडका बाहेर ओढून त्याच्यावर स्वतः साध्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. मग एडक्याशेजारी पालथी बादली टाकून तो बसला. इकडे वीटहोल्टरांनी कोट काढून हौदातले दहातले तीन भाग उपसवले आणि तेवढंच साधं पाणी भरवलं.

दुपार कलली. एडका दोनदा थरथरला. मग उठला आणि कुंपणालगतचं गवत ओढू लागला.

लोझेनं बादली उलटून सरळ ठेवली.

"दुसरी मेंढी घ्या," तो म्हणाला. "आधी ती चिठ्ठी वाचा परत. मला ऐकू येईल अशी."

पुढची अठरा वर्षं वीटहोल्टर प्राचार्याच्या खुर्चीवर होते. पितळी वजनांचं कपाट त्यांनी त्याच संध्याकाळी रिकामं केलं, आणि पुढे प्रत्येक चिठ्ठी बाजारी रत्तलातच लिहिली.