आईच्या माइकची भाषा

आई साताऱ्याहून परप्रांतात, सॉल्ट लेकला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिची बोटं संधिवातानं वाकली होती. मावशीला ऐकू येत नसे, त्यामुळे दोघी बहिणींचं बोलणं पत्रांतूनच चाले. म्हणून मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या कीबोर्डमधला, बोललेलं टाइप करणारा माइक आईला सुरू करून दिला. त्याची भाषा माझ्या ऑफिसच्या कामासाठी हिंदी ठेवलेली होती.

“अरे, बहिणीशी हिंदीत काय बोलू? ती काय भाजीवाली आहे?”

“रविवारी मराठी करून देतो. तोवर चालव.”

असे कितीतरी रविवार गेले. आईचं हिंदी बाजारापुरतंच होतं. त्यात जेवढं सांगता येईल तेवढंच ती मावशीला कळवत राहिली. फ्लॉवर ताजा मिळाला, उकाडा फार आहे, मुलगा ठीक आहे.

आई गेल्यावर तेराव्याला मावशी आली. आईची ईमेलनं आलेली, छापून घेतलेली पत्रं तिनं पिशवीतून काढली.

“शेवटी शेवटी ताई मला अशी परक्यासारखी का लिहायची रे? रागावली होती का?”

मी कागदावर लिहिलं, ‘नाही. तिला हिंदी शिकायची हौस होती.’ मावशीनं ते वाचलं आणि पत्रं पुन्हा पिशवीत ठेवली.

ती परत गेल्यावर मी सेटिंग उघडून मराठी निवडली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग मावशीला खरं सांगायला माइक लावला. ‘मावशी, आई तुझ्यावर रागावली नव्हती,’ एवढं पडद्यावर उमटलं. पुढचं वाक्य माझ्याबद्दलचं होतं. ते मी अजून बोललेलो नाही.